पिवळी अक्षरं

(मानवत. एका साप्ताहिकाच्या कचेरीतली दुपार, नोव्हेंबर १९९४.)

कस्तुराबाई : हात लावू नको त्याला, पंडित. चालतंय ते चालू दे.

पंडित : काकू, मी पुण्याहून याच्यासाठीच आलोय. पिशवीत कपडे कमी आणि फ्लॉप्या जास्त आहेत.

कस्तुराबाई : आलास ते बरं केलंस. जेव, ऱ्हा, पोखर्णीला जाऊन आई-बापाला भेट. पर कॉम्प्युटर उघडू नको. सहा डिसेंबरचा अंक तोंडावर आलाय.

व्यंकटराव : कॉम्प्युटर माझ्यासाठी आणलाय, डोळे माझे गेलेत. मला कुणी विचारतंय का?

कस्तुराबाई : तुमाला काय विचारायचं. तुमी तर कवाचे तयार.

व्यंकटराव : पंडित, फोनवर अर्धंच कळलं, तू मला नीट समजाव. आहे त्यात काय कमी आहे आणि नव्यानं काय मिळणार? मग मी ठरवतो.

पंडित : आधी तुम्ही सांगा तात्या. आत्ता पडद्यावर कसं दिसतं?

व्यंकटराव : डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय, मधोमध डाग पडलाय. कागदावरचं अक्षर त्या डागात बुडतं. तू इथं बनवलेली मोठी अक्षरं बुडत नाहीत, तेवढी मला कळतात. पण पांढरा उजेड लय जळजळीत आहे. दूध सांडावं तसं अक्षर फाकतं. आणि सगळं सारखं थरथरतं. चार ओळी झाल्या की कपाळ धरतं. मग कस्तुरा वाचून दाखवते, मी सांगतो, ती लिहून घेते. वर्ष झालं, अग्रलेख असाच निघायलाय.

कस्तुराबाई : आन् निघतोय ना येळेवर? एक बी अंक चुकला का?

व्यंकटराव : चुकला नाही. मी कुठं म्हणालो चुकला?

पंडित : तात्या, कॉम्प्युटरच्या आत एक कार्ड असतं, ते या पडद्याला चित्र पाठवतं. आपलं कार्ड तैवानचं, साधं. आपला कॉम्प्युटर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतो, तिला त्या कार्डाची भाषा धड येत नव्हती. म्हणून नुसतं काळं-पांढरं दिसायचं, आणि तेही एकाच संथ वेगानं. ती थरथर त्या वेगाचीच आहे.

व्यंकटराव : म्हणजे निजामाच्या कचेरीसारखं. कास्तकार मराठी बोलणार, पेशकार उर्दू लिहिणार, आणि दुभाष्याला दोन्ही अर्धवट. जमीन कुणाच्या नावावर चढेल भरवसा नाही.

पंडित : अगदी तसंच. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. या महिन्यात नवा आलाय, त्याला आपल्या कार्डाची भाषा येते. अक्षरं पिवळी करता येतील, मागं गडद निळं. डोळ्यावर येणार नाही. आणि थरथर थांबेल.

कस्तुराबाई : नवा डायवर म्हणू नको बाबा. मागं यष्टीवर नवा डायवर आला, तर गाडी देवगाव फाट्यावर नालीत गेली. पाटीतले अंडे समदे फुटले.

पंडित : नाली लागलीच तर मागं यायची वाट ठेवलीय काकू. जुनं सगळं डिस्कवर बाजूला काढून ठेवलंय.

व्यंकटराव : हे नवं कोण बनवतं? कंपनी?

पंडित : कंपनी नाही. जगभरातली माणसं. ज्याला जे येतं ते तो लिहितो आणि उघडं ठेवतो. दुसरा वाचतो, चूक काढतो, दुरुस्त करतो. कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या कार्डाचं म्हणाल, तर आम्ही इन्स्टिट्यूटमधल्या तिघांनी ते उघडून, तपासून, त्याची माहिती मेलवर पाठवली होती. आणखी चार देशांतून तशीच गेली असेल. नव्या आवृत्तीत ते कार्ड आलं.

व्यंकटराव : म्हणजे त्यात पोखर्णीचा हात आहे.

पंडित : बोटभर आहे.

व्यंकटराव : बोटभर का असेना. अठ्ठ्याहत्तर साली आपण छापलं होतं, विद्यापीठाचं नाव बदला. चौकात अंकाची होळी झाली. तुझा बाप सिताराम दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन शिशाचे खिळे जुळवायला बसला. म्हणाला, साहेब, तोच मजकूर परत लावू का? तू तेव्हा त्या कोपऱ्यात रद्दीवर झोपायचास. आणि आज जगाच्या मशीनमधे तुझं बोट आहे. कस्तुरा, ऐकलंस का?

कस्तुराबाई : ऐकायले. त्याचं कौतुक मला न्हाई का? त्याला म्या खेळवलाय. पर कौतुक येगळं आन् चालतं मशीन उघडणं येगळं.

व्यंकटराव : तुला भीती कशाची आहे, ते सांग ना.

कस्तुराबाई : मला कायची भीती. करा तुमाला काय करायचं ते. च्या ठेवते मी.

व्यंकटराव : चहा नंतर. इथंच बस. पंडित, टाक तुझ्या फ्लॉप्या.

पंडित : एक गोष्ट आधीच सांगतो, तात्या. धोका आहे, पण एकाच ठिकाणी. कार्डानं चित्र किती वेगानं पाठवायचं, ते आपण आकड्यांत लिहून द्यायचं असतं. ती फाइल नव्या आवृत्तीत नव्यानं लिहावी लागते, जुनी तिला कळत नाही. मॉनिटरला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त वेग सांगितला, तर मॉनिटर जळू शकतो.

व्यंकटराव : आणि याला किती झेपतं?

पंडित : पुस्तिकेत असतं. हा जुना घेतलेला, पुस्तिका आलीच नाही. मागच्या पाटीवर नुसते व्होल्ट लिहिलेत. अंदाजानं जावं लागेल, खालून वर.

कस्तुराबाई : म्हंजे जळला तर आता दिसतंय तेवढं बी जाणार ह्यांचं.

पंडित : हो.

कस्तुराबाई : दुसरा मिळंल मानवतात?

पंडित : मानवतात नाही. परभणीतही सांगता येत नाही.

व्यंकटराव : टाक.

कस्तुराबाई : आवो...

व्यंकटराव : मी टाक म्हणालो. चार ओळींनंतर कपाळ धरून बसणारा संपादक मला व्हायचं नाही.

पंडित : ही पहिली... काकू, तो आवाज डिस्कचा आहे, घाबरू नका. नेहमीचा आहे.

कस्तुराबाई : सुपात खडे पाखडल्यावानी वाजायलंय.

पंडित : ती एक द्या. नाही, तिच्या खालची. हां.

व्यंकटराव : सिताराम कसा आहे?

पंडित : बरे आहेत. खिळे जुळवणं आता होत नाही, बोटं थरथरतात. पण अंक आला की पहिल्यांदा टाइप कुठं वाकडा बसलाय ते बघतात. मजकूर नंतर. आई मजकूर ऐकते. त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेते.

कस्तुराबाई : चांगुणाबाई ऐकते?

पंडित : दर आठवड्याला. अग्रलेख तर दोनदा.

कस्तुराबाई : बघा बाई.

पंडित : झाल्या. आता आकडे. मी सावधपणे लिहितोय, पण थोडा वर धरतो, नाहीतर थरथर जाणार नाही... चालू करतो. तात्या, पडद्याकडे बघा.

कस्तुराबाई : अंधारच हाय.

व्यंकटराव : शिट्टीसारखं काय वाजायलंय?

पंडित : बंद केला. मॉनिटर बंद केला. वेग जास्त झाला.

कस्तुराबाई : वास यायलाय.

पंडित : धुळीचा असेल. तापला की येतो.

कस्तुराबाई : असंल म्हंजे?

पंडित : हात लावून बघतो... पाठ गरम आहे, पण फार नाही. थोडा गार होऊ दे. मग काळ्या-पांढऱ्यात लावून बघू, जिवंत आहे का.

व्यंकटराव : पंडित, तुझा आवाज बदललाय.

पंडित : नाही तात्या.

व्यंकटराव : मला दिसत नाही, ऐकू येतं. घाम पूस. जे होईल ते माझ्या हुकमानं होतंय.

पंडित : ...लावतो. दिवा लागला. अक्षरं आली. पांढरी. जिवंत आहे.

कस्तुराबाई : लागलं ना? मग आता बास. देवानं एकदा सोडलंय.

पंडित : आणखी एकदाच. खूप खाली आणलेत आकडे. या वेळी शिट्टी ऐकू आली तर मी लगेच बंद करणार आणि नाद सोडणार. बघा, तात्या.

कस्तुराबाई : हे काय, समदं तिरपं पळायलंय. फाटक्या लुगड्यावानी.

व्यंकटराव : थांब.

पंडित : बंद करतोय.

व्यंकटराव : थांब म्हणालो ना. पिवळं होतं.

पंडित : फाटलेलं होतं तात्या. एकही अक्षर धड नव्हतं.

व्यंकटराव : अक्षर नव्हतं, पण पिवळं होतं. हरभऱ्याच्या डाळीसारखं. वर्षभरात मला असा स्वच्छ रंग दिसला नव्हता. डागातून सुद्धा आला.

पंडित : तात्या, माझं ऐका. आता मी जुनं परत लावतो. पुण्याला जाऊन या मॉनिटरची माहिती शोधतो, कुणाकडे तरी असेल. संक्रांतीला परत येतो. आत्ता जळला तर मी घरी तोंड दाखवू शकणार नाही.

व्यंकटराव : ...ठीक आहे. तुझं म्हणणं बरोबर आहे. संक्रांतीला बघू.

कस्तुराबाई : संक्रांतीला कामून?

पंडित : काय?

कस्तुराबाई : आज का न्हाई? आत्ता चित्र आलं ना? मघा नुसता अंधार होता आन् शिट्टी. आता अंधार न्हाई, शिट्टी न्हाई, नुसतं तिरपं हाय. म्हंजे जवळ आलायस का लांब गेलायस?

पंडित : जवळ.

कस्तुराबाई : मग मागं फिरू नको.

पंडित : काकू, तुम्हीच मघापासून नको म्हणत होता.

कस्तुराबाई : म्हणत होते. आता म्हणत न्हाई. ह्यांचं तोंड बघितलंस का तू, ते पिवळं दिसलं तवा? तू तुझ्या आकड्यात होतास. म्या बघितलं. जळला तर जळू दे. म्या सांगन चांगुणाबाईला, म्याच लावायला लावलं म्हणून.

व्यंकटराव : कस्तुरा...

कस्तुराबाई : तुमी गप बसा. पंडित, तिरपं कामून पळतंय?

पंडित : एक ओळ संपून दुसरी सुरू व्हायची असते, तेव्हा मॉनिटरला मधे थोडी उसंत लागते. मी ती कमी दिलीय बहुतेक. त्याची ओळ संपायच्या आत कार्ड पुढची ओळ पाठवतंय.

कस्तुराबाई : मग दे की उसंत. ह्ये बी असंच करतेत. एक वाक्य म्या लिहून व्हायच्या आत दुसरं सांगतेत, मग माझी बी ओळ तिरपी जाती.

पंडित : देतो. हा आकडा वाढवला, म्हणजे वेगही आपोआप थोडा उतरतो... एकूण भागिले हे... बरोबर. हे बसायला पाहिजे. काकू, बोट त्या बटणावर ठेवा. मी म्हणालो की दाबायचं, म्हणजे मॉनिटर बंद होतो.

कस्तुराबाई : ठेवलं.

पंडित : चालू करतोय.

कस्तुराबाई : दाबू का?

पंडित : काकू, बोट काढलं तरी चालेल.

कस्तुराबाई : हालत न्हाई. येक बी अक्षर हालत न्हाई.

व्यंकटराव : मला कुणी काही सांगू नका. मी वाचतो. 'वि-द्या-पी-ठा-च्या'... हा मजकूर कसला आहे? 'विद्यापीठाच्या कमानीवर'... पंडित, हे माझ्याच अंकातलं आहे.

पंडित : हो. जानेवारीतला अग्रलेख, नाव मिळालं त्या आठवड्यातला. अक्षरं तपासायला नमुना पाहिजे होता, तो टाइप करून आणला.

कस्तुराबाई : दुसरं कायी मिळालं न्हाई तुला?

पंडित : यात जोडाक्षरं सगळी आहेत.

व्यंकटराव : शांत बसा दोघं. 'विद्यापीठाच्या कमानीवर नाव चढलं. सोळा वर्षं हे नाव बायांनी सांभाळलं. चुलीपुढं सांभाळलं, पाणवठ्यावर सांभाळलं, तुरुंगाच्या दारात भाकरी घेऊन उभं राहून सांभाळलं. आता त्यांच्या लेकी या कमानीखालून आत जातील, तेव्हा तू कुणाची, असं त्यांना कुणी विचारू नये.' ... एका दमात वाचलं. कपाळ धरलं नाही.

पंडित : थरथर राहिली नाही ना?

व्यंकटराव : नाही. पिवळं अक्षर उभं आहे, जोंधळ्याच्या धाटासारखं. पंडित, इकडे ये. डोकं खाली कर. नीट हात ठेवू दे मला तुझ्या डोक्यावर. शाबास. सितारामला सांग, म्हणावं पोरानं मजकूर परत लावला.

कस्तुराबाई : मी च्या ठेवते आता.

व्यंकटराव : चहा ठेवायला निघालीस की पळायला?

कस्तुराबाई : पळू कामून? तुमचं तुमाला दिसायला लागलं. तुमी आता सोता लिवणार, सोता वाचणार. माझं इथलं काम झालं. सैपाकघर हायेच की.

व्यंकटराव : अच्छा. मघापासून नको नको चाललं होतं, ते हे होय?

कस्तुराबाई : कायी न्हाई हो.

व्यंकटराव : त्या दिवशी मी तुला काय सांगितलं होतं, आठवतं? 'हा लोकशक्तीचा विजय होय.' शेवटचं वाक्य. हे वाक्य मी साप्ताहिक काढल्यापासून लिहितोय. नगरपालिकेच्या नळाला पाणी आलं तरी लिहितो. ते यात कुठं आहे?

कस्तुराबाई : ...ते राहिलं असंल.

व्यंकटराव : राहिलं नाही. तू काढलंस. आणि त्या जागी हे लिहिलंस.

कस्तुराबाई : तुमी खोकत होता. म्या थांबले. थांबल्यावर हातानं आपसूकच लिवलं. खोडायला पायजे होतं. छापून आल्यावर वाटलं आता बोलणी बसणार. तुमी कायीच बोलला न्हाई. म्या म्हणलं, ह्यांना दिसत न्हाई, कळलं नसंल.

व्यंकटराव : अंक निघाला त्याच आठवड्यात मी बाहेरगावी निघालो होतो. देवगाव फाट्यावर बन्सीधर मास्तर भेटले. फाट्यावर, चहाच्या गाड्यापाशी, मोठ्यानं म्हणून दाखवलं त्यांनी. 'तुरुंगाच्या दारात भाकरी घेऊन उभं राहून.' म्हणाले, व्यंकटराव, उभ्या आयुष्यात तुम्ही असं वाक्य लिहिलं नव्हतं.

कस्तुराबाई : मग तुमी काय म्हणला?

व्यंकटराव : म्हणालो, मास्तर, आजही लिहिलं नाही. हे आमच्या मंडळींचं आहे. त्यांनाच सांगितलं असं नाही. बाजार समितीत सांगितलं, कोर्टात वकिलांना सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. त्यानंतर तू अग्रलेखात जे जे घुसवलंस, ते मी त्या त्या आठवड्यात लोकांकडून ऐकत आलोय आणि हे माझं नाही म्हणून सांगत आलोय. छाती काढून सांगितलंय.

कस्तुराबाई : समद्या गावाला ठावं हाय?

व्यंकटराव : तुला सोडून.

पंडित : आमच्या घरी तर सांगावंही लागलं नाही काकू. बाबांनी तो अग्रलेख वाचला आणि आई म्हणाली, हे साहेबांनी लिहिलेलं नाही. बाबा म्हणाले, नाव त्यांचं आहे. आई म्हणाली, असू दे. तुमी तुरुंगात होता तवा दारात मी उभी होते. दारात उभं ऱ्हायचं कसं असतं, ते बाईलाच ठावं. हे बाईनं लिहिलंय.

कस्तुराबाई : चांगुणाबाई असं म्हणाली?

पंडित : अगदी असंच.

कस्तुराबाई : तिला म्या बघितलं होतं त्या दारात, भाकरी घेऊन उभी. कवाच बोलले न्हाई तिला. ...आवो, मग मला कामून सांगितलं न्हाई वर्षभर?

व्यंकटराव : सांगितलं असतं तर तू लिहिणं थांबवलं असतंस. मी सांगितलेलं इमानानं उतरवून दिलं असतंस, 'लोकशक्तीचा विजय' सकट. माझा अंक बुडवायचा होता का मला?

पंडित : तात्या, आता दाखवू का?

व्यंकटराव : दाखव.

कस्तुराबाई : काय दाखवायलाव?

पंडित : नव्या ड्रायव्हरनं पडद्यावर जागा जास्त मिळते काकू. पूर्वी मोठी अक्षरं घेतली की एकच चौकट बसायची. आता दोन बसतात. यांना खिडक्या म्हणतात. ही डावीकडची तात्यांची, अक्षरं मोठी, पिवळी. ही उजवीकडची, हिच्यात अक्षर नेहमीचं. प्रत्येक खिडकीला वर पट्टी असते, तिच्यावर नाव लिहिता येतं. तात्यांनी पुण्याला फोन करून सांगितलं होतं काय लिहायचं ते. वाचा.

कस्तुराबाई : 'कस्तुराबाई'... नुसतं?

व्यंकटराव : पुढं माझं नाव लावायचं का, असं यानं विचारलं होतं. मी म्हणालो, नको. बन्सीधर मास्तर भेटले की 'कस्तुराबाईंनी काय लिहिलंय' असं विचारतात, तेच नाव लाव.

कस्तुराबाई : कोणी सांगितलं तुमाला असलं कायी करायला.

व्यंकटराव : सहा डिसेंबरच्या अंकात पहिल्या पानावर डावा रकाना माझा, उजवा तुझा. मी तुझ्यात बोलणार नाही, तू माझ्यात घुसवायचं नाही.

कस्तुराबाई : मला तुमच्या नावाआड सोपं जात होतं. चुकलं तर तुमचं.

व्यंकटराव : आता चुकलं तर तुझं. छापखान्याच्या दारात येऊन कुणी भांडलं, तर मी सांगेन, आत जा, बाई बसल्यात.

कस्तुराबाई : हसू नका. ...पंडित, ह्या बटणांवर मराठी अक्षरं चिकटवलीत, ती कोणची कुठं हायेत, ते सांग.

पंडित : काना इथं. वेलांटी ही. हे दाबून ठेवलं की अर्धं अक्षर. चुकलं तर हे, मागं पुसत जातं.

कस्तुराबाई : पुसलेलं कोणाला दिसत न्हाई?

पंडित : कुणालाच नाही.

कस्तुराबाई : हे बेस हाय. खुर्ची पुढं सरकव. हां.

व्यंकटराव : काय लिहिणार आहेस?

कस्तुराबाई : तुमी दोघं जरा भायेर बसा. कुणाला दिसत असलं की माझं पयलं वाक्य येत न्हाई.